जोडीदार आयसीयूत, घरी लहान मुलं: कशानंतर काय करायचं

२०२५च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रस्त्याच्या पट्ट्यात, किरकटवाडी, नांदेड, धायरी या भागांत गुलेन बॅरी सिंड्रोमची, म्हणजे जीबीएसची साथ आली. आधी पोट बिघडायचं, मग जुलाब थांबायचे, आणि आठवडा-दोन आठवड्यांनी पायांत मुंग्या येऊन माणसाला जिना चढवेनासा व्हायचा. या आजारात शरीराची प्रतिकारशक्ती चुकून स्वतःच्याच नसांवर उठते. साधारण चारातल्या एका रुग्णाच्या श्वासाच्या स्नायूंतली ताकदही जाते आणि व्हेंटिलेटर लावावा लागतो. माझ्या नवऱ्यालाही लावावा लागला. मुलगी तेव्हा बालवाडीत होती, धाकटा रांगत होता.

तेव्हापासून अशा बऱ्याच घरांशी बोलणं होतं. कुणाकडे न्यूमोनिया, कुणाकडे सेप्सिस (जंतुसंसर्गाने अवयव निकामी होऊ लागणं), कुणाकडे अपघात. पण नव्याने या चक्रात सापडलेली माणसं विचारतात ते प्रश्न तेच असतात. म्हणून क्रमाने लिहिते. एक गोष्ट आधीच सांगते, कारण पुढचं बरंचसं तिच्यावर उभं आहे: मुलांपासून आजार लपवू नका, आणि आजारी माणसाचं आईपण किंवा बाबापण कुणी काढून घेऊ देऊ नका.

पहिले दोन-तीन दिवस: माणसं लावून टाका

तीन कामं तीन माणसांना द्या.

पहिलं, मुलांपाशी राहणारं माणूस. आजी, मावशी, आत्या, कुणीही चालेल, पण रोज बदलायला नको. मुलांना गावी किंवा दुसऱ्याच्या घरी पाठवण्याचा सल्ला हमखास मिळतो. जमत असेल तर पाठवू नका, आजीला तुमच्या घरी आणा. एक पालक अचानक नाहीसा झालाय, दुसरा दिवसभर दवाखान्यात आहे; अशा वेळी निदान अंथरूण, शाळा आणि शेजारची मित्रमंडळी तरी तीच राहावीत. वर्गशिक्षिकेला आणि स्कूल व्हॅनच्या काकांना त्याच दिवशी कळवा, मुलांना न्यायला कोण येणार त्यांची नावं लिहून द्या.

दुसरं, डॉक्टरांशी बोलणारं माणूस. ते तुम्हीच असाल, पण सोबत वही घेऊन एक जण हवा, कारण ऐकलेलं अर्धं डोक्यात राहत नाही. रोज तेच तीन प्रश्न विचारा: कालच्यापेक्षा काय बदललं? पुढच्या चोवीस तासांत तुम्ही कशाची वाट बघताय? सगळ्यात जास्त काळजी कशाची वाटते?

तिसरं, बातमी देणारं माणूस. दीर, भाऊ, मैत्रीण. रोज संध्याकाळी नातेवाइकांच्या ग्रुपवर एकच मेसेज जाईल आणि बाकीचे फोन तेच घेतील. 'काही लागलं तर सांग' म्हणणारे मनापासूनच म्हणतात, पण काय सांगावं हे तुम्हाला त्या घडीला सुचत नाही. ते या तिसऱ्या माणसाला ठरवू द्या: मंगळवार-गुरुवारचा डबा अमक्यांकडून, शनिवारी मुलांना बागेत नेणं तमक्यांकडे.

पैसे आणि कागद

हे त्याच आठवड्यात करा. जोडीदाराचा फोन ताब्यात घ्या, चार्ज ठेवा, रिचार्ज संपू देऊ नका. बँकेचे ओटीपी, विम्याचे मेसेज, हप्त्यांच्या सूचना सगळं त्यावरच येतं. खातं एकट्याच्या नावावर असेल आणि सही करता येत नसेल तर घाबरून जाऊ नका. आजारी किंवा असमर्थ खातेदाराच्या अंगठ्याचा, तेही शक्य नसेल तर पायाच्या अंगठ्याचा ठसा दोन साक्षीदारांसमोर घेऊन पैसे काढू देण्याची रिझर्व्ह बँकेची तरतूद आहे, आणि त्या दोघांतला एक साक्षीदार बँकेचा जबाबदार अधिकारी असतो. शाखेतल्या काउंटरवर सगळ्यांना हे माहीत असतंच असं नाही. थेट शाखा व्यवस्थापकांना भेटा.

विमा असेल तर कॅशलेसचा, म्हणजे बिल विमा कंपनीने थेट रुग्णालयाला देण्याचा अर्ज दाखल होतानाच द्या. नसेल, किंवा रक्कम पुरणार नसेल, तर महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेची चौकशी करा. यादीतल्या रुग्णालयांत यादीतल्या उपचारांना कुटुंबामागे वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण मिळतं. अशा रुग्णालयात 'आरोग्यमित्र' बसतात. रेशन कार्ड आणि आधार घेऊन आधी त्यांना गाठा. योजनेचा फोन १५५३८८. धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखीव असतात. तिथे समाजसेवा विभागात जाऊन उत्पन्नाचा दाखला द्यायचा असतो, आणि तहसीलमधून तो मिळायला वेळ लागतो, म्हणून दाखल झाल्याझाल्याच अर्ज टाका.

आकडा किती मोठा होऊ शकतो याची कल्पना असू द्या. जीबीएसचं मुख्य औषध म्हणजे इम्युनोग्लोब्युलिन. ते वजनावर देतात, किलोमागे २ ग्रॅम. ७० किलोच्या माणसाला पाच दिवसांत १४० ग्रॅम, म्हणजे ५ ग्रॅमच्या २८ बाटल्या. प्लाझ्मा, म्हणजे रक्तातला द्रव भाग, बदलणं हा दुसरा उपचारही तितकाच गुणकारी मानला जातो. तुमच्या रुग्णासाठी कोणता आणि का, हे डॉक्टरांना मोकळेपणाने विचारा. विचारल्याने कुणी रागावत नाही. रोजचं तात्पुरतं बिलही मागून घ्या.

आयसीयूच्या दाराआत

भेटीची वेळ थोडी असते. त्यात नुसतं खाटेशी उभं राहून रडू नका, बोला. आज कोणता वार, बाहेर ऊन आहे की पाऊस, मुलीने डब्यातलं काय उरवलं. व्हेंटिलेटरवरच्या बऱ्याच रुग्णांना भ्रम होतो: वेळ-काळ सुटतो, भिंतीवर माणसं दिसतात, नर्स आपल्याला मारायला आलीय असं वाटतं. औषधं, तुटलेली झोप, चोवीस तासांचा उजेड आणि आजार स्वतः, सगळं मिळून हे घडतं. ओळखीचा आवाज, स्वतःचा चष्मा, ऐकण्याचं यंत्र असेल तर ते, समोर घड्याळ आणि कॅलेंडर, एवढ्यानेही फरक पडतो. हे आत द्यायची परवानगी मागा.

आणि एक वही ठेवा. डेन्मार्क, नॉर्वे, स्वीडनमध्ये आयसीयूतल्या नर्स रुग्णासाठी डायरी लिहितात. आपल्याकडे हे काम घरच्यांनी करावं. रोज चार ओळी: आज काय झालं, कोण भेटलं, मुलांनी काय विचारलं. शुद्धीवर आल्यावर माणसाच्या आयुष्यातून कित्येक दिवस गायब असतात आणि त्या जागी भयंकर स्वप्नं असतात. काय खरं घडलं होतं, हे ही वही सांगते. मुलीची रेघोट्यांची चित्रंही मी तारीख घालून त्यातच चिकटवली.

घशात नळी असताना माणूस शुद्धीत असेल तर बोलता येत नाही म्हणून घुसमटतो. एका पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत 'दुखतंय', 'तहान', 'कूस बदला', 'भीती वाटते', 'मुलं कशी आहेत' असं लिहा आणि बोट फिरवत न्या. हो म्हणजे एकदा डोळे मिटणं, नाही म्हणजे दोनदा. आमच्याकडे सगळ्यात जास्त वेळा डोळे मिटले ते शेवटच्या प्रश्नावर.

आठ-पंधरा दिवसांनंतरही व्हेंटिलेटर सुटत नसेल तर डॉक्टर गळ्यातून नळी टाकायचं, म्हणजे ट्रॅकिओस्टॉमीचं सुचवतात. 'गळ्याला भोक' ऐकून घरातल्या मोठ्यांचा धीर सुटतो. त्यांना सांगा की तोंडातली नळी निघाल्याने झोपेची औषधं कमी होतात, तोंड स्वच्छ ठेवता येतं, व्यायाम लवकर सुरू होतो. श्वास सुधारला की बहुतेकांची नळी काढतात आणि भोक बुजतं.

मुलांना काय सांगायचं

मोठ्यांची कुजबुज मुलं ऐकतातच. न सांगितलेलं स्वतःच्या मनाने भरून काढतात, आणि ते खऱ्याहून भयानक असतं. तीन ते सात वर्षांच्या मुलांना तर आपल्या वागण्यामुळेच हे झालं असं वाटू शकतं: मी बाबावर ओरडले म्हणून तो आजारी पडला. म्हणून तीन गोष्टी न विचारता सांगायच्या. हे तुझ्यामुळे झालेलं नाही. हा आजार जवळ बसल्याने तुला होणार नाही (जीबीएस तसा लागत नाही, तुमचा आजार वेगळा असेल तर डॉक्टरांना विचारून सांगा). आणि तुझ्याजवळ अमुक माणूस असणार आहे, नाव घेऊन.

शब्द साधे ठेवा. मी म्हटलं होतं, 'मेंदू हातापायांना निरोप पाठवतो ना, ते निरोप नेणाऱ्या वायरींवरचं प्लास्टिक बाबाच्या अंगात खराब झालंय. म्हणून हात हलत नाही, आणि छातीलाही निरोप नीट पोचत नाही. मशीन त्याला श्वास घ्यायला मदत करतंय. ते प्लास्टिक परत तयार होतं, पण खूप हळू.' तिने विचारलं, 'माझ्या वाढदिवसापर्यंत?' मी सांगितलं की तेवढ्यात होईल असं डॉक्टरांना वाटत नाही. ती रडली. रडू द्यावं. 'बाबा गावाला गेलाय', 'बाबा झोपलाय' असलं काही सांगू नका; मूल स्वतः झोपायला घाबरतं. 'नक्की बरा होईल' असं वचनही देऊ नका. 'डॉक्टर रोज प्रयत्न करतायत आणि जे काही होईल ते मी तुला खरं सांगेन', हे वचन पाळता येतं.

बऱ्याच रुग्णालयांत लहान मुलांना आयसीयूत सोडत नाहीत. तरी विचारून बघा, कारण तयारी करून नेलेलं मूल सहसा बिथरत नाही. तयारी म्हणजे आधी फोटो दाखवायचा: ही नळी कशाची, तो आवाज कशाचा, बाबा बोलणार नाही पण ऐकेल. मूल नको म्हणालं तर जबरदस्ती नको, आणि पाच मिनिटांत बाहेर यायचं म्हणालं तर लगेच बाहेर. परवानगी नसेल तर मुलांच्या आवाजातलं गाणं, पाढे, शाळेतली गंमत रेकॉर्ड करून कानाशी लावा.

या काळात पाच वर्षांचं मूल पुन्हा अंथरूण ओलं करतं, भरवून घेतं, तुम्हाला बाथरूमलाही जाऊ देत नाही. हे आपोआप ओसरतं. रागावू नका. रात्री झोपताना मात्र आठवड्यातून जमतील तितक्या वेळा तुम्ही स्वतः घरी असा. रात्री आयसीयूच्या बाहेर बसायला भाऊ किंवा दीर चालतो. मुलांच्या उशाशी तो तुमची जागा घेऊ शकत नाही.

डिस्चार्जच्या आधी

आयसीयूतून वॉर्डात आलं की नातेवाईक पेढे वाटायच्या गोष्टी बोलतात. आनंद करा, पण बरं होण्याचं बरंच काम अजून पुढेच आहे. आयसीयूत पहिल्या दहा दिवसांत मांडीचा स्नायू सुमारे १८ टक्क्यांनी बारीक होतो, असं २०१३ सालच्या लंडनमधल्या अभ्यासात मोजलं गेलं. अशक्तपणा, विसराळूपणा, झोप उडणं, भीती, उदासी, या सगळ्याला मिळून पोस्ट इंटेन्सिव्ह केअर सिंड्रोम म्हणतात. हे नाव २०१०मध्ये अमेरिकेत तज्ज्ञांच्या बैठकीत ठरलं, आणि घरच्या माणसांना होणारा त्रासही त्यात धरला गेला. म्हणजे तुमचा.

घरी जायच्या आधी नर्सच्या देखत स्वतःच्या हाताने करून बघा: सक्शन (मशीनने घशातला किंवा नळीतला कफ ओढून काढणं), नाकातल्या नळीने भरवणं, कूस बदलणं, खाटेवरून खुर्चीत बसवणं. घरातल्या दोन मोठ्या माणसांना हे यायलाच हवं, एकाला ताप आला तर दुसरं. प्रत्येक औषधापुढे ते कधी थांबवायचं हे लिहून घ्या. गिळण्याची तपासणी झाली का ते विचारा, कारण घट्ट खिचडी नीट गिळणाऱ्या माणसालाही साध्या पाण्याने ठसका लागून ते फुप्फुसात जाऊ शकतं.

खाट, एअर बेड, व्हीलचेअर, कमोड खुर्ची, ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर, सगळं भाड्याने मिळतं. विकत घेऊ नका, गरज महिन्यागणिक बदलते. सक्शन मशीन असेल तर वीज गेल्यावर काय, हा प्रश्न आधी सोडवा: इन्व्हर्टर, किंवा पायाने चालवायचं सक्शन. लिफ्ट नसलेल्या इमारतीत वरच्या मजल्यावर राहत असाल तर काही महिन्यांसाठी तळमजल्यावरची खोली बघणं परवडतं. दर फिजिओ-भेटीला माणसाला खुर्चीतून उचलून उतरवणं फार दिवस झेपत नाही.

नर्सिंग ब्युरोतून सांभाळायला मावशी किंवा मामा ठेवणार असाल तर फोनवरच विचारा: नळीचं काम येतं का? सांभाळणारं माणूस आणि प्रशिक्षित नर्स यांत फरक आहे, पैशांतही आणि कामातही.

घरी आल्यावर

खाट कुठे टाकायची यावर घरोघरी वाद होतो. माझं मत, हॉलच्या कोपऱ्यात, पडदा लावून. पडदा उघडा असेल तेव्हा घर चालू असतं, मुलं गृहपाठ तिथेच करतात. पडदा ओढला की विश्रांती, आणि हा नियम तीन वर्षांच्या मुलालाही कळतो. बंद खोलीतला माणूस हळूहळू घराला पाहुणा होतो.

रोजचं वेळापत्रक भिंतीवर लावा. दर दोन तासांनी कूस. माकडहाड, टाचा, कोपर लालसर दिसतात का ते बघणं. भरवताना पाठ उंच, आणि भरवून झाल्यावर अर्धा तास तशीच. घोटे खाली पडू नयेत म्हणून दिलेला स्प्लिंट, म्हणजे पायाला बांधायचा आधार. फिजिओने दाखवलेला व्यायाम तेवढाच. जास्त केल्याने नसा लवकर भरत नाहीत, उलट दुसरा दिवस वाया जातो. औषधं, सक्शनची बाटली, खाटेचा ब्रेक, यांतलं काहीच रांगणाऱ्या मुलाच्या हाताशी नको. जीबीएसमध्ये तळपायाची आग आणि कळा फार असतात, म्हणून मुलांनी खाटेवर उड्या मारायच्या नाहीत, हे पहिल्याच दिवशी सांगा.

आता पालकपणाकडे. हात उचलत नसला तरी बाबा गोष्ट सांगू शकतो. आवाज नसेल तर गृहपाठावर मान डोलवू शकतो. मुलीला सहलीला पाठवायचं का, हे त्याला विचारूनच ठरवा. दिवसातली दहा मिनिटं 'बाबाची वेळ' म्हणून ठेवा, सकाळी, अंगात ताकद असताना. संध्याकाळी सातला दमलेल्या माणसासमोर मुलांना बसवू नका. तान्हं मूल मांडीवर द्यायचं तर त्याला खाटेवर बसवून, दोन्ही बाजूंना उशा लावून, आणि तुम्ही शेजारी. आमच्याकडे एक खेळ रोजचा झाला: बाप-लेकीने एका श्वासात मोठ्याने आकडे मोजायचे. सुरुवातीला तो नऊ-दहावर थांबायचा आणि ती पुढे जायची. एके दिवशी ती एकोणीसवर अडखळली, तो पुढे मोजत गेला, आणि तिला इतका राग आला की तिने पुन्हा डाव मांडला. श्वासाच्या ताकदीचा अंदाज घ्यायला डॉक्टरही असंच मोजायला लावतात. अर्थात घरातलं मोजणं तपासणीची जागा घेत नाही.

भेटायला येणाऱ्यांना दिवस ठरवून द्या, पंधरा मिनिटं, सर्दी-खोकला असलेल्यांनी फोनवर. घरातल्या मुलांना ताप-सर्दी असेल तर रुग्णाच्या खाटेपासून दूर ठेवा, मुलांच्या लसी वेळेवर द्या. रुग्णाला कोणती लस चालेल हे न्यूरॉलॉजिस्ट ठरवतील.

बहुतेक जीबीएसचे रुग्ण सहा महिन्यांत आधाराशिवाय चालू लागतात. थकवा मात्र त्यानंतरही बराच काळ रेंगाळतो, आणि इथेच घरं भांडतात, कारण माणूस बाहेरून बरा दिसतो. आंघोळ हे काम आहे, पंधरा मिनिटं बोलणं हे काम आहे. दिवसातली दोन मोठी कामं ठरवा, मधे विश्रांती घाला. मुलांना सांगा, 'बाबाची बॅटरी आता संपली.' त्यांना ते मोठ्यांपेक्षा लवकर पटतं.

मन, त्याचं आणि तुमचं

रात्री दचकून उठणं, चिडणं, दवाखान्याच्या वासानेही घाम फुटणं, हे आयसीयूनंतर बऱ्याच जणांना होतं. 'झालं ते झालं, विसर आता' म्हणू नका. त्याला जे आठवतं ते ऐका, मग तो म्हणेल तेव्हा वही काढा आणि त्या दिवशी काय झालं होतं ते वाचा. आठवणीवरून वाद घालू नका. महिना उलटूनही झोप नाही, मुलांकडे बघावंसं वाटत नाही, जगून काय करू अशी भाषा येते, तर मानसोपचारतज्ज्ञांकडे जा. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं, आणि तो तुमच्यासाठीही आहे.

तुम्हाला आठवड्यातून निदान एक अख्खी रात्र झोप मिळालीच पाहिजे. त्या रात्री नणंद, भाऊ, ब्युरोची ताई, कुणीही जागेल. दिवसभर त्याची आंघोळ, नळी, लघवी बघणाऱ्या माणसाला रात्री नवरा-बायको म्हणून त्याच्याकडे बघणं जड जातं, आणि यात लाजण्यासारखं काही नाही. पैसे पुरत असतील तितक्या दिवसांसाठी अंग पुसणं-शौच ही कामं दुसऱ्याकडे सोपवा आणि तुम्ही शेजारी बसून चहा घ्या. हा खर्च मी चैन मानत नाही.

लगेच दवाखाना कधी

धाप लागणं, बोलताना वाक्य तुटणं, खोकल्यात जोर न उरणं, गिळताना पुन्हा ठसके, गेलेला अशक्तपणा परत वाढणं (जीबीएसमध्ये उपचारांनंतरच्या पहिल्या दोन महिन्यांत हे होऊ शकतं), बसवल्यावर चक्कर, छातीत धडधड, एकाच पोटरीला सूज आणि दुखणं, ताप, नळीतून रक्त, अचानक गोंधळून जाणं. यातलं काहीही दिसलं तर सकाळची वाट बघू नका, १०८ला फोन करा. डिस्चार्जचा कागद, औषधांची यादी आणि विम्याचं कार्ड एका पिशवीत दाराशी टांगून ठेवा. त्या वेळी मुलांना कुणाच्या दारात सोडायचं, हे शेजाऱ्यांशी आजच बोलून ठेवा. मोठ्या मुलाला १०८ हा आकडा, घराचा पत्ता आणि शेजारच्या काकूंचं दार पाठ असू द्या.